पोस्टरच्या तळची ओळ

सरांनी मला फसवलं. पैशाला नव्हे, पैशाला मला फसवणारा माणूस भोरच्या बाजारपेठेत अजून जन्माला यायचा आहे. सरांनी मला एका ओळीला फसवलं. त्या ओळीत माझं नाव होतं, वडिलांचं नाव होतं, गावाचं नाव होतं आणि ती ओळ आज पोस्टरवर नाही. पोस्टर कॉलेजच्या जिन्याजवळ काचेत लावलं आहे, कोणीही जाऊन बघावं. तळाला चार बोटं कोरी जागा दिसेल. ती माझी.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी एसटी स्टँडकडून चौकात येणाऱ्या रस्त्यावर फ्लेक्स छापतो. दहावीनंतर वेल्ह्यातलं गाव सोडून इथं आलो, आधी हाताने पाट्या रंगवल्या, मग कर्ज काढून मशीन घेतलं. संगणकावर माझी बायको बसते. गिऱ्हाईक मी सांभाळतो, कारण मला भांडता येतं.

सरांची आणि माझी गाठ भांडणातच पडली. उंच, खांद्यात वाकलेला माणूस, चपलांना बांधावरचा चिखल, हातात बारा महिने छत्री. छत्रीच्या लाकडी दांड्यावर त्यांनी चाकूने सेंटिमीटरच्या खुणा केल्या होत्या. ती छत्री उघडलेली मी एकदाच पाहिली, तीही खेकड्यांच्या डब्यावर ऊन येऊ नये म्हणून. चौकात मी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधत होतो. सर खाली उभे राहून छत्रीच्या टोकाने काहीतरी मोजत होते.

"हा तुम्ही केलात?"

"व्हय. का?"

"बत्तीस चेहरे आहेत. वाढदिवस कोणाचा?"

"मधला मोठा दिसंना का?"

"मधे गणपती आहे."

"त्याच्या खालचा."

"खालच्याने गॉगल घातलाय. शेजारच्यानेही घातलाय. मी पाच मिनिटं उभा आहे मालक, आणि शुभेच्छा कोणाला द्यायच्या ते मला अजून कळलेलं नाही."

मला राग यायला वेळ लागत नाही. मी शिडीवरूनच म्हणालो, "तुमाला द्यायच्याच न्हाईत. ज्यांचे फोटो हायेत त्यांनीच बघायचाय ह्यो."

मला वाटलं, आता हा मास्तर चिडणार. सरांनी खिशातून वही काढली आणि माझं वाक्य लिहून घेतलं. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "आमच्या परिषदांमधे पोस्टरं लागतात ना, त्यांचंही असंच असतं."

तेव्हापासून ते दुकानात येऊन बसायला लागले. परिषद म्हणजे शास्त्रज्ञांची जत्रा, हे त्यांनीच मला समजावलं. एका मोठ्या हॉलमधे शेकडो पोस्टरं टांगलेली असतात. प्रत्येक पोस्टरशेजारी त्याचा मालक उभा असतो, लग्नात मुलीचा बाप उभा असतो तसा. लोक हातात चहाचा कप घेऊन समोरून जात असतात. कोणी थांबत नाही, कारण प्रत्येकाने चार वर्षांचं काम एका कागदात कोंबलेलं असतं.

"डोळ्याला बसायला जागा नसते हो," सर म्हणायचे. "रिकामी जागा म्हणजे पाहुण्यासाठी मांडलेला पाट. पाटच मांडला नाही, तर पाहुणा दारातूनच जाणार."

माझा धंदा याच्या उलट. आमच्याकडे फ्लेक्सवर वीतभर जागा मोकळी राहिली, तर गिऱ्हाईक म्हणतं, हितं मेव्हण्याचा फोटो टाका. मी सरांना तसं सांगितलंही. शिवाय माझा दुकानातला नियम सांगितला. एकदा एका फ्लेक्सवर एका माणसाचं नाव घालायचं राहिलं आणि त्याच्या घरचे टेम्पो भरून आले, फ्लेक्स विळ्याने फाडून गेले. तेव्हापासून नाव घालायचं असो की काढायचं, गिऱ्हाइकापुढे ते मोठ्याने वाचायचं आणि विचारायचं. एकदा नाही, तीनदा. सरांनी हेही लिहून घेतलं. म्हणून मी म्हणतो की ते अजाण नव्हते. नियम त्यांच्या वहीत होता.

सरांच्या वागण्याची बायकोला सुरुवातीला भीती वाटायची. एकदा त्यांनी काउंटरवर स्टीलचा डबा ठेवला आणि समोरच्या दुकानात पेन आणायला गेले. जेवणाची वेळ होती. भाजी गरम करून द्यावी म्हणून हिने डबा उघडला. आत दोन खेकडे नांग्या उगारून बसलेले. हिची किंकाळी ऐकून शेजारचा न्हावी वस्तरा घेऊनच धावत आला. सर परतले तेव्हा त्यांनी आधी खेकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "घाबरलेत बिचारे."

"कोन?" बायको म्हणाली.

"तुम्हीही वहिनी, तुम्हीही."

सरांचं सगळं काम खेकड्यांवर होतं. समुद्रातल्या नाही, आमच्या भातखाचरांतल्या. खेकडा बांधाला बीळ पाडतो, बीळ आरपार गेलं की खाचरातलं पाणी निघून जातं आणि भात उघडं पडतं. सर तीन वर्षं वेल्ह्यातल्या बांधांवरच्या बिळांत छत्री घालून खोली मोजत होते. एका बांधाला बिळं आरपार जातात आणि शेजारच्याला जात नाहीत, हे का, ते त्यांना सापडत नव्हतं. माती तपासून झाली, पाणी तपासून झालं. एके दिवशी ते दुकानात बसून हेच पुन्हा पुन्हा बोलत होते, आणि मला एक श्रद्धांजलीचा बोर्ड तासाभरात द्यायचा होता.

"सर," मी म्हणालो, "गवत बघा की."

"काय?"

"बांधावरचं गवत. आमचं वडील बांधाला खुरपं लावू द्यायचे न्हाईत. गवत राखलेला बांध खेकडा फोडत न्हाई, म्हनायचे. चुलता बांध घासून साफ करायचा, त्याचा फुटायचा. दर साली भांडन."

सर उठून उभे राहिले. त्यांनी मला नाव विचारलं, वडिलांचं विचारलं, गावाचं विचारलं. तीनदा. मग म्हणाले, "हे मी जिथे छापेन तिथे तुमचं नाव छापेन."

ही गोष्ट मी बायकोशिवाय कोणाला सांगितली नाही. इतक्या वर्षांत मी या तालुक्यातली किती नावं छापली याला गणती नाही. भावी सरपंच छापले, माजी सरपंच छापले, ज्याला घरात कोणी विचारत नाही त्याचंही नाव हातभर अक्षरांत छापलं. माझं नाव कुठे नाही. दुकानाच्या पाटीवर ग्रामदेवतेचं नाव आहे. माझे वडील तर कागदावर फक्त सातबाऱ्याला आणि मेल्याच्या दाखल्याला लागले. त्यांचं एक वाक्य शास्त्रज्ञांच्या हॉलमधे टांगलं जाणार, खाली त्यांचं नाव असणार, हे मला हवं होतं. अजून हवं आहे.

पुढचा पावसाळा सरांनी गवताचे बांध आणि घासलेले बांध वेगवेगळे मोजून काढले. वडिलांचं म्हणणं खरं निघालं. मग पोस्टर करायचं ठरलं. परिषदेत मराठी पोस्टरला बंदी नव्हती, ही बारीक अक्षरातली अट सरांनी शोधून काढली आणि मराठीतच करायचं म्हणाले.

पहिला नमुना मी माझ्या मनाने केला. ती माझी चूक होती हे मी कबूल करतो, पण त्यात वाईट हेतू नव्हता. सरांनी मजकूर दिला आणि बरीच जागा कोरी सोडायला सांगितली. मला ते बघवेना. एवढा मोठा माणूस, एवढी वर्षं चिखलात उभा राहिलेला, आणि कागद निम्मा मोकळा. मी वर गणपती घेतला. डाव्या बाजूला प्राचार्यांचा फोटो टाकला, तो माझ्याकडे गॅदरिंगच्या बोर्डातला होता. उजवीकडे सर. खाली झेंडूची माळ आणि कोपऱ्यात एक मोठा लालभडक खेकडा.

सरांनी बराच वेळ पाहिलं.

"वाढदिवस कोणाचा?" ते म्हणाले.

छत्रीचं टोक कोपऱ्यातल्या खेकड्यावर टेकलं.

"आणि हे पाहुणे कोण?"

"खेकडा हाय."

"समुद्रातला आहे मालक. तो वेल्ह्यात कशाला येईल? सुकून मरेल."

बायको संगणकाच्या मागे तोंड लपवून हसत होती. मी कागद गोळा करून टाकला आणि दोन दिवस सरांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सर स्वतः रंगाचा डबा मागायला आले. माझ्याच रंगाने त्यांनी माझ्याच दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, न्हाव्याच्या दारात एक पांढरी पट्टी ओढली. तिथून शीर्षक वाचता आलं पाहिजे. दुसरी पट्टी पायरीपासून छत्रीच्या दोन लांब्यांवर, तिथून बाकीचं. नवा नमुना शटरवर लावला. मग त्यांनी चार चहा मागवले. कप हातात घेऊन समोरून चालायचं आणि चहा गार व्हायच्या आत पोस्टरचं सार सांगायचं, ही परीक्षा. न्हावी चालला, मी चाललो, बायको चालली. न्हाव्याने सार सांगितलं की खेकडे फार झालेत. सरांनी शीर्षक खोडलं.

"शीर्षकात विषय नको," ते म्हणाले. "निकाल हवा. तुमचे वडील काय म्हणायचे तेच लिहू."

आणि वर मोठ्या अक्षरांत आलं: गवत राखलेला बांध खेकडा फोडत नाही.

त्या दिवशी भाटघरकडे जाणाऱ्या एसटीची वाट बघत एक म्हातारी सावलीला उभी होती. सरांनी तिला पट्टीवर उभं केलं. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा चित्रंच बघायला सांगितली. एका चित्रात गवताचा बांध, एकात घासलेला, त्यातून पाणी चाललेलं.

"आजी, काय कळलं?"

"बांधावरचं गवात काढू नगा म्हंताय."

"बरोबर. बरोबर," सर म्हणाले. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"पन त्ये मला म्हाईतच हाय की," म्हातारी म्हणाली. "त्याच्यासाटी येवडा कागुद कशाला?"

सरांनी तेही लिहून घेतलं. पुढे आठवडाभर ते दुकानात येऊन स्वतःशीच हसायचे. "एवढा कागद कशाला," म्हणायचे. "हा प्रश्न मला परिषदेत कोणी विचारणार नाही."

आता मुख्य गोष्ट. सर सगळ्या भोरच्या बोर्डांवर टीका करत हिंडायचे, पण स्वतःचा शब्द त्यांना सुटत नसे. पोस्टरवर तीनशेच्या वर शब्द नकोत, हा त्यांचाच कायदा, आणि मजकूर आठशे शब्दांचा. खेकड्याचं लांबलचक लॅटिन नाव त्यांना चार ठिकाणी हवं होतं. शेवटी हताश होऊन ते म्हणाले, "तुम्ही बाजारात घासाघीस करता, तशी माझ्याशी करा. शब्दांची."

असला सौदा मी जन्मात केला नव्हता, पण सौदा तो सौदाच. मी स्टुलावर, सर समोर, बायको संगणकावर. मी म्हणायचो, हे लॅटिन नाव एकदाच. सर म्हणायचे, दोनदा. मी म्हणायचो, मग ही पद्धतीची सगळी ओळ गेली. ते कळवळायचे. "तीन महिने गेलेत हो त्या ओळीत."

"मंग महिने लिवा, ओळ काडा."

एक शब्द आत घ्यायचा तर एक बाहेर, असं ठरलं होतं. तीन बैठकांत आम्ही आठशेवरून चारशेवर आलो.

शेवटच्या बैठकीला मी चिडलेला होतो, ते का ते सांगतो. त्या दिवशी पहिल्यांदा सरांनी पोस्टरच्या डोक्यावर नावं घातली होती. शीर्षकाखाली त्यांचं नाव, कॉलेजचं नाव. माझं नव्हतं. मी दोनदा पाहिलं. आमच्या धंद्यात माणसाची किंमत फ्लेक्सवर वरून खाली येते. वर नाही तो नाही. आणि मागून नाव लावून घ्यायचं, हे माझ्या गिऱ्हाइकांचं काम, माझं नाही. मनात म्हटलं, विसरला मास्तर. मग मी असा तुटून पडलो की सरांनी नंतर कपाळाचा घाम पुसला. त्यांचं लाडकं 'तथापि' मी काढून टाकलं, 'सर्वसाधारणपणे' काढलं, लॅटिन नाव एकावर आणलं.

"तीनशे वीस," बायकोने मोजून सांगितलं.

"आता माझ्याने काही सुटत नाही," सर म्हणाले. "राहू द्या वीस."

"कायदा तुमचाच हाय. वीस काडा."

मी पडद्याकडे पाहिलं. सगळं पोस्टर मावावं म्हणून बायकोने ते लहान करून ठेवलं होतं. अगदी तळाला मुंग्यांची रांग चालल्यासारखी एक ओळ होती.

"ही खालची काडा."

"ही?" सर म्हणाले.

"हीच. कोन वाचतंय तिला?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बघून सांगताय ना?"

घासाघीस करताना मी मालाकडे बघत नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. मी म्हणालो, "त्यात काय बघायचंय? सौदा मोडू नका."

"नक्की?"

"नक्की."

सरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग तिने ओळ पुसली. "तीनशे झाले," ती म्हणाली. "खाली जागा ऱ्हायली सर. चित्रं जरा खाली वडू का?"

"नको वहिनी," सर म्हणाले. "पाट मांडलेला असू दे."

परिषद नाशिकला झाली. सरांनी पोस्टर नळाच्या पाइपमधे घालून दोन्ही बाजूंना बुचं लावून नेलं. स्टँडवर कंडक्टरने विचारलं, "प्लंबर का?" सर म्हणाले, "हो, बांधांचा." परत आले तेव्हा सांगत होते की लोक थांबले, चहा गार होऊ दिला. माझ्यासाठी चिवड्याचं पाकीट आणलं होतं. मी ते घेतलं आणि गप्प बसलो. वर्षभर गप्प बसलो. नाव लावलं नाही म्हणून मनात धुमसत राहिलो, रस्त्यात दिसले की मान वळवली. सर निवृत्त झाले, मुलीकडे नागपूरला गेले. जाताना दुकानाशी आले होते. मी मशीन दुरुस्त करतोय असं दाखवलं. पायरीवर थोडा वेळ उभे राहून, छत्री टेकत निघून गेले.

या दिवाळीआधी संगणक भरला म्हणून जुनी कामं पुसायला बसलो. सरांच्या पोस्टरचे सगळे नमुने बायकोने जपून ठेवले होते. शेवटून दुसरा उघडला, मोठा केला, खालपर्यंत आलो. मुंग्यांची ओळ वाचली. बांधावरच्या गवताकडे ज्यांनी प्रथम लक्ष वेधलं, ते, असं लिहून माझं पूर्ण नाव होतं. मग, हे ज्ञान ज्यांचं, ते त्यांचे वडील, असं लिहून वडिलांचं. त्यांच्या नावामागे कै. होतं. मग गाव, तालुका वेल्हे.

मी बायकोला हाक मारली.

"ही वळ तू पुसलीस?"

"तुमी काड म्हनालात, म्या काडली."

"तुला नाव दिसलं न्हाई?"

"दिसलं की."

"मंग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं तुमाला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मनात म्हनलं, मानूस मोठ्या मनाचा झाला. सवताचं नाव नगं म्हन्तोय. दोन दिवस लई बरं वाटलं मला."

मी म्हणालो, सरांनी तरी विचारायला पाहिजे होतं, नियम त्यांना माहीत होता. ती बोटं मोजायला लागली. "ही? म्हनले, येक. बघून सांगताय ना, दोन. नक्की, तीन. अवो, तीनदा इचारलं त्येंनी."

मी नागपूरला फोन लावला. सरांनी एका घंटीत उचलला, जसा काही हातातच धरून बसले होते.

"सर, ती तळची ओळ."

"सापडली का?" ते म्हणाले. "बरं झालं."

"परत घालायची हाय."

"घाला की. जागा ठेवलीच आहे. फक्त तीनशेच्या वर जाऊ नका. वीस शब्द कुठले काढायचे ते तुम्हीच ठरवा. तुमच्याइतकं ते पोस्टर कोणाला कळत नाही." मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. ते म्हणाले, मुलगी हाक मारतेय, आणि फोन ठेवला.

दोन दुपारी मी कॉलेजच्या जिन्याजवळ उभा राहून घालवल्या. शिपायाला वाटलं, काच बसवायला आलोय. वीस शब्द शोधतोय. लॅटिन नाव काढावं, तर ते आता एकदाच आहे, आणि एकदा तरी हवं. 'पाणी' काढता येत नाही. 'गवत' तर नाहीच. एकेक शब्द मी भाव करून, भांडून ठेवलेला, आणि मीच ठेवलेला शब्द मला हलत नाही. पोरं येतात, वाचतात, दोन मिनिटांत सार घेऊन वर्गात जातात. कोणाला तळाची कोरी जागा खटकत नाही.

आता माझं म्हणणं. तीनदा विचारलं, हे बायको म्हणते म्हणजे खरं असेल. मी बघितलं नाही, हेही खरं. पण नियम नुसता तीनदा विचारायचा नव्हता, नाव मोठ्याने वाचून विचारायचा होता, आणि तो सरांच्या वहीत लिहिलेला आहे. 'ही?' हे काही नाव नाही. माझ्या वडिलांचं नाव सरांना पाठ होतं. ते एकदा माझ्या दुकानात मोठ्याने घेतलं असतं, तर माझं तोंड तिथंच बंद झालं असतं, आणि ओळ राहिली असती. का नाही घेतलं? याचं उत्तर मला फोनवर नको. सरांनी नागपूरहून इथं यावं, छत्री घेऊन यावं, आणि न्हाव्याच्या दारातल्या पांढऱ्या पट्टीवर उभं राहून सांगावं. पट्टी मी परवाच पुन्हा रंगवली आहे. चहा माझ्याकडून. तो गार व्हायच्या आत उत्तर पाहिजे.